तासाची सरासरी घ्यायची की त्या क्षणाचा आकडा? हवामान-फाईल तयार करतानाच्या नोंदी

६ जानेवारी

काम असं आहे. सौर पॅनेल, एक छोटी पवनचक्की, बॅटरी आणि छतावरचं पाणी साठवणारी टाकी या सगळ्यांचं मिळून एक मॉडेल तयार आहे. ते दहा-दहा मिनिटांनी पुढे सरकतं आणि त्याला तापमान, वारा, ऊन आणि पाऊस एवढं लागतं. जवळ हवामान केंद्र आहे, पण त्याच्या नोंदींत भोकं फार. म्हणून आधार रीॲनालिसिसचा (जुनी निरीक्षणं आणि हवामान-मॉडेल एकत्र करून पूर्ण पृथ्वीसाठी बांधलेल्या डेटाचा) घ्यायचा आणि केंद्राचे आकडे पडताळणीपुरते ठेवायचे.

नासाचं मेर्रा-२ निवडलं. १९८० पासूनचा डेटा, अक्षांशात ०.५ आणि रेखांशात ०.६२५ अंशांचं ग्रिड, आणि फुकट. पण यादी उघडली की लगेच अडायला होतं. तेच दोन मीटरवरचं तापमान आणि तोच दहा मीटरवरचा वारा दोन वेगळ्या संचांत आहे. एकाच्या नावात ‘इन्स्ट१’, दुसऱ्याच्या नावात ‘टीएव्हीजी१’. पहिल्यात दर तासाला त्या क्षणाचा आकडा, दुसऱ्यात त्या तासाची सरासरी. कुठला बरोबर यावर वाद घालत बसण्यापेक्षा दोन्ही घ्यायचे आणि मॉडेलमधून दोनदा जाऊ द्यायचं ठरवलं. २०१९ हे एकच वर्ष, एकच ग्रिडबिंदू.

खर्चाचं इथेच लिहून ठेवते. रोजची फाईल अख्ख्या पृथ्वीची असते, काहीशे एमबीची. ती उतरवायची गरज नसते. हवा तो बिंदू आणि हवे ते कॉलम सर्व्हरवरच कापून घेता येतात. हे वाचायच्या आधी मी पूर्ण फाईली ओढायला लावल्या होत्या, डिस्क भरली तेव्हा थांबवल्या. कापून घेतलेलं वर्ष ईमेलला जोडता येईल एवढंसं निघालं.

८ जानेवारी

दोन्ही संच एका तक्त्यात जोडायला गेले, तर जोड रिकामी. एकही ओळ जुळेना. इन्स्ट१ चे टाइमस्टँप ००:००, ०१:००, ०२:०० असे आहेत आणि टीएव्हीजी१ चे ००:३०, ०१:३०, ०२:३०. सरासरीच्या संचात वेळ तासाच्या मध्यावर टाकलेली असते. ००:३० समोरचा आकडा म्हणजे ००:०० ते ०१:०० या पूर्ण तासाची सरासरी.

अशा वेळी ‘सगळ्यात जवळची वेळ धरून जोड’ असा पर्याय हाताशी असतो आणि तो वापरायचा मोह होतो. वापरू नका. ००:३० पासून ००:०० आणि ०१:०० दोन्ही सारख्याच अंतरावर आहेत. त्यातली कुठली धरायची ते जोड करणारी सॉफ्टवेअर लायब्ररी आपल्या नियमाने ठरवते आणि त्याबद्दल चकार शब्द काढत नाही. तक्ता दिसायला भरगच्च होतो, एकही रकाना रिकामा राहत नाही, आणि प्रत्येक ओळ अर्ध्या तासाने चुकलेली असते. रिकामी जोड परवडली, ती निदान ओरडून सांगते.

त्यामुळे वेळेचा एकच कॉलम ठेवायचा नाही असं ठरवलं. प्रत्येक आकड्याला ‘पासून’ आणि ‘पर्यंत’ असे दोन कॉलम. क्षणाच्या आकड्याला दोन्हीत तीच वेळ. पुढच्या सगळ्या भानगडी याच दोन कॉलमनी सोडवल्या.

अजून एक सापळा. प्रमाणवेळ यूटीसीच्या (जागतिक समन्वित वेळेच्या) साडेपाच तास पुढे असेल, तर स्थानिक वेळेत आणल्यावर टीएव्हीजी१ चे टाइमस्टँप ०६:००, ०७:०० असे पूर्ण तासांवर येतात आणि इन्स्ट१ चे ०५:३०, ०६:३० वर. म्हणजे दिसायला नेमकं उलट! नुसती वेळ बघून ‘पूर्ण तास, म्हणजे क्षणाचा आकडा’ असं कोणी समजलं तर त्याचा दोष नाही. म्हणून सगळं काम यूटीसीत करायचं आणि स्थानिक वेळ शेवटी, फक्त आलेखावर.

फाईल कसली आहे हे तिच्यातच लिहिलेलं असू शकतं. नेटसीडीएफमध्ये (अशा डेटाच्या फाईलींचं एक स्वरूप) सीएफ नावाच्या ठरलेल्या संकेतांप्रमाणे ‘सेल मेथड्स’ असा एक गुणधर्म असतो आणि त्यात ‘टाइम: मीन’, ‘टाइम: पॉइंट’ किंवा ‘टाइम: सम’ असं असतं. कालखंडाच्या दोन्ही कडा ‘टाइम बाउंड्स’ मध्ये. सगळ्या फाईलींत हे भरलेलं नसतं, पण असेल तर आधी तेच वाचावं. सीएमआयपी६ या हवामानबदलाच्या डेटात एकाच तीन-तासी तक्त्यात तापमान ‘पॉइंट’ आहे आणि पाऊस ‘मीन’. तक्त्याचं नाव वाचून दोन्हींना एकच नियम लावला तर घोटाळा ठरलेला.

१० जानेवारी

तापमान. इथे उगाच डोकं खाजवत बसले, म्हणून इतरांसाठी थोडक्यात.

दिवसभराचं तापमान साधारण लाटेसारखं वरखाली होतं असं धरलं, तर एका तासाची सरासरी घेतल्याने त्या लाटेची उंची ०.३ टक्क्यांनी कमी होते. लाट मध्यापासून ५ अंश वर जात असेल तर फरक ०.०१४ अंश. तीन तासांच्या सरासरीला २.५ टक्के, म्हणजे ०.१३ अंश. सहा तासांच्या सरासरीला १० टक्के, म्हणजे अर्धा अंश. तासाच्या डेटात कमाल-किमान तापमानासाठी सरासरी की क्षण हा वादच फोल आहे. सहा-तासी डेटा असेल तर मात्र दोन्ही बाजूंनी मार बसतो: सरासरी शिखर बुटकं करते, आणि क्षणाचे चार आकडे शिखराच्या आजूबाजूला पडून ते अजिबात दाखवत नाहीत. तेव्हा कमाल-किमानचा वेगळा संच घ्यावा. मेर्रा-२ मध्ये रोजचे कमाल-किमान स्वतंत्र मिळतात.

वादळी सरीत तापमान काही मिनिटांत धाडकन उतरतं, ते लाटेच्या हिशेबात बसत नाही. पण माझं पॅनेल तेवढ्याने बिघडत नाही. पॅनेलचं तापमान हवेचं तापमान आणि ऊन दोन्हींवरून निघतं आणि ऊन तासाच्या सरासरीत येतं, म्हणून हवेचं तापमानही त्याच तासाचं, सरासरीतलं घेतलं. पुढे चला.

१३ जानेवारी

वाऱ्याने दोन्ही रनमध्ये पहिला खरा फरक दाखवला. सरासरीच्या रनमध्ये पवनचक्की कमी वीज देत होती. वर्षाच्या बेरजेत तफावत फार नव्हती, पण ती ठरावीक तासांत गोळा झालेली होती: वारा दिशा बदलतो ते तास.

टीएव्हीजी१ च्या ज्या संचातून मी वारा घेतला त्यात वाऱ्याचा वेग नसतो. पूर्व-पश्चिम घटक ‘यू’ आणि उत्तर-दक्षिण घटक ‘व्ही’ यांची वेगवेगळी सरासरी असते. त्यावरून वेग काढला की तो खऱ्या सरासरी वेगाएवढा किंवा त्याहून कमीच येणार, जास्त कधीच नाही. अर्धा तास पश्चिमेकडून सेकंदाला ५ मीटर आणि अर्धा तास दक्षिणेकडून ५ मीटर वारा होता असं धरा. चक्कीने तासभर ५ चाच वारा खाल्ला. पण दोन्ही घटकांची सरासरी २.५ आणि २.५, त्यातून वेग निघतो ३.५. वाऱ्यातली शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात असते, म्हणजे १२५ च्या जागी ४४. दोन तृतीयांश वारा कागदावरच नाहीसा.

दिशा स्थिर असली तरी घनाचा प्रश्न उरतोच. अर्धा तास ४ आणि अर्धा तास ८ मीटरचा वारा, सरासरी ६, तिचा घन २१६. दोन घनांची सरासरी २८८. एका तासात वारा एवढा हलतोच असं नाही, पण रोजची सरासरी वापरणाऱ्यांनी हा हिशेब बारा तास २ आणि बारा तास ८ असा करून बघावा: १२५ आणि २६०. निम्म्याहून जास्त ऊर्जा गेली. रोजच्या सरासरी वाऱ्यावरून पवन ऊर्जेचा अंदाज करू नये तो यासाठी.

इथपर्यंत पोचल्यावर ‘सरासरी नेहमी कमीच दाखवते’ असं मी वहीत लिहिलं होतं. ते खोडलं. खरी चक्की घनाचा नियम फक्त मधल्या टप्प्यात पाळते. समजा ती ३ मीटरला सुरू होते आणि ११ ला पूर्ण क्षमतेवर येऊन पुढे तेवढंच देत राहते. अर्धा तास ८ आणि अर्धा तास १४ चा वारा असेल तर सरासरी ११, म्हणून मॉडेल म्हणतं तासभर पूर्ण क्षमता. प्रत्यक्षात ८ च्या वाऱ्याला क्षमतेच्या ३९ टक्के आणि १४ ला १०० टक्के, मिळून ६९. इथे सरासरी फुगवून सांगते. कमी वाऱ्याच्या जागी ती तूट दाखवेल, जोरदार वाऱ्याच्या जागी वाढावा. एकच सुधारणा-गुणक सगळीकडे लावून चालणार नाही.

वाऱ्यासाठी इन्स्ट१. प्रत्येक क्षणाचा वेग त्या क्षणाच्या यू आणि व्ही मधून काढायचा, चक्कीच्या वक्रातून (किती वेगाला किती वीज, त्या आलेखातून) न्यायचा आणि सरासरी, बेरीज जे काय असेल ते वीज निघाल्यावर. क्रम उलटा करायचा नाही. दिशेचे अंश कधीच सरासरीत घालायचे नाहीत. ३५० आणि १० यांची सरासरी १८० येते, आणि उत्तरेचा वारा दक्षिणेचा होऊन बसतो.

हवेतला धूर किंवा प्रदूषण कुठून कुठे गेलं हे काढणाऱ्यांचा हिशेब वेगळा असतो. तिथे हवेचं वस्तुमान जपलं जाणं महत्त्वाचं. जिओस-केम या मॉडेलला मेर्रा-२ देतात तेव्हा वारे सरासरीचे दिले जातात आणि जमिनीवरचा दाब क्षणाचा. एकाच मॉडेलमध्ये दोन्ही प्रकार सुखाने नांदतात हे बघून मला जरा धीर आला.

१६ जानेवारी

हवामान केंद्राचा वारा ताडून पाहिला. अपेक्षा होती की इन्स्ट१ त्याच्याशी जास्त जुळेल, कारण तिथेही त्या वेळचा आकडा असतो. जुळला नाही. मेर्राची रेघ गुळगुळीत, केंद्राची करवतीसारखी.

केंद्राचा ‘त्या वेळचा’ वारा हाही सरासरीच असतो. जागतिक हवामान संघटनेच्या पद्धतीत जमिनीपासून १० मीटरवर, १० मिनिटांची सरासरी. अमेरिकेतली स्वयंचलित केंद्रं २ मिनिटांची घेतात. झोताचा, म्हणजे वाऱ्याच्या क्षणिक झटक्याचा, आकडा साधारण ३ सेकंदांचा. चक्रीवादळाचा ‘कायम वेग’ तर अमेरिकेत १ मिनिटाचा, भारतात ३ मिनिटांचा आणि जागतिक संघटनेच्या मोजणीत १० मिनिटांचा, म्हणून एकाच वादळाचे आकडे तीन ठिकाणी तीन येतात. आकड्याच्या शेजारी कालावधी लिहिलेला नसेल तर तुलना करण्यात अर्थ नाही.

दुसरीकडे मेर्राचा ‘क्षण’ वेळेत बारीक असला तरी जागेत जाडजूड आहे. तो साधारण ५० किलोमीटरच्या चौकटीचा एकच आकडा. सेकंदाला ५ मीटरच्या वाऱ्याला ५० किलोमीटर जायला १०,००० सेकंद लागतात, पावणेतीन तासांहून थोडे जास्त. म्हणजे एका जागी उभ्या असलेल्या केंद्राने दोन-तीन तास सरासरी घेतली तर जे दिसेल, तेवढाच तपशील मेर्राच्या एका क्षणात आहे. केंद्राच्या नोंदींची तीन तासांची सरासरी काढून पुन्हा ताडलं, तेव्हा रेघा एकमेकींजवळ आल्या.

यातून एक अपेक्षा सोडून दिली: इन्स्ट१ घेतलं म्हणून झोत मिळणार नाहीत. चक्कीचा खांब किती मजबूत हवा यासाठी हा डेटा वापरायचा नाही. युरोपच्या ईआरए५ या रीॲनालिसिसमध्ये झोतासाठी वेगळे कॉलम आहेत, त्यातही ‘त्या क्षणाचा झोत’ आणि ‘मागच्या तासातला सर्वांत मोठा झोत’ असे दोन. खांबासाठी दुसरा.

२० जानेवारी

ऊन. सगळ्यात जास्त वेळ इथे गेला.

निवडीचा प्रश्न नव्हता, कारण मेर्रा-२ मध्ये जमिनीवर येणारं सौर प्रारण फक्त टीएव्हीजी१ मध्ये आहे. प्रश्न असा की पॅनेल तिरकं असतं आणि डेटा आडव्या जमिनीचा. तिरक्या पृष्ठभागावर नेण्यासाठी सूर्य कुठे आहे ते लागतं, आणि सूर्याची जागा ही क्षणाची गोष्ट. सरासरीचा आकडा आणि क्षणाचा कोन यांची गाठ कुठे मारायची?

आधी घाईत टाइमस्टँप खाली गोल करून पूर्ण तास धरला होता. ०७:३० च्या सरासरीला ०७:०० चा सूर्य. सूर्य तासाला १५ अंश सरकतो, अर्ध्या तासात साडेसात. विषुववृत्तावर, दिवस-रात्र समान असताना, खऱ्या सौर वेळेने सकाळी सातला सूर्याच्या उंचीची साइन ०.२६ असते आणि साडेसातला ०.३८. जमिनीवरच्या उन्हाला या साइनने भागूनच आकाश किती स्वच्छ ते निघतं, म्हणजे आकाश आहे त्याच्या जवळपास दीडपट स्वच्छ ठरलं. संध्याकाळी उलट: चार ते पाचच्या सरासरीला चारचा सूर्य लावला की ०.३८ ला ०.५० ने भागलं जातं आणि आकाश पाव हिस्सा मळकट. दुपारी बाराच्या आसपास फरक जवळजवळ शून्य, त्यामुळे दिवसाची बेरीज बघून शंकाही येत नाही.

पकडलं ते स्वच्छतेच्या गुणोत्तरावरून. जमिनीवरचं ऊन भागिले वातावरणाबाहेरचं ऊन, असा निर्देशांक तासागणिक काढला. सकाळी तो १ च्या वर जात होता आणि संध्याकाळी खाली लोळत होता. वर्षभर रोज सकाळ निर्मळ आणि रोज संध्याकाळ ढगाळ असं कुठे असेल? आलेख मध्यान्हाभोवती असा एका बाजूला कललेला दिसला की ढग शोधू नका, टाइमस्टँप तपासा.

मग मध्याचा, म्हणजे ०७:३० चा सूर्य लावला. सगळं छान बसलं, पण सूर्योदयाच्या तासात एक ओळ अशी निघाली:

०६:०० ते ०७:००, सूर्योदय ०६:२८, तासाची सरासरी २२ वॅट प्रति चौरस मीटर. मध्याची वेळ ०६:३०. तेव्हा सूर्य जेमतेम अर्धा अंश वर, साइन ०.००८७. २२ भागिले ०.००८७, उत्तर २,५०० च्या वर.

वातावरणाच्या बाहेरसुद्धा सूर्याकडून साधारण १,३६१ वॅटच येतात. माझ्या पॅनेलला पहाटे त्याच्या जवळपास दुप्पट मिळत होते. जिथे सूर्योदय ०६:४० ला, तिथे मध्याला सूर्य क्षितिजाखाली, साइन उणे, आणि उत्तरही उणे. बॅटरी अंधारात उतरायला लागली ती यामुळे.

सूर्य ठरावीक उंचीच्या खाली असेल तर आकडा शून्य करायचा, हा नेहमीचा उपाय. तो बरेच जण वापरतात आणि एकूण ऊर्जेत फार काही जात नाही. मला तो पटला नाही, कारण माझं मॉडेल दहा मिनिटांचं आहे आणि सकाळी बॅटरी सगळ्यात रिकामी असते. मी असं केलं: प्रत्येक तासात दर पाच मिनिटांनी सूर्याची उंची काढली, क्षितिजाखालची शून्य धरली आणि त्या बारा साइनची सरासरी घेतली. तासाच्या सरासरी उन्हाला तासाच्याच सरासरी साइनने भागलं. वरच्या ओळीत भाजक ०.००८७ ऐवजी ०.०३७ झाला आणि उत्तर ६०० च्या आत आलं. सरासरीला सरासरीच जोडीला हवी, एवढी साधी गोष्ट.

जे सुटलं नाही तेही लिहिते. ढगाळ-उघड तासात अर्धा तास १,००० वॅट आणि अर्धा तास ४०० असेल तर सरासरी ७००. इन्व्हर्टर ८०० च्या वरचं कापत असेल तर प्रत्यक्षात हाती ६०० लागतात, मॉडेल ७०० देतं. तासाच्या डेटात हे कापणं दिसतच नाही. यावर मेर्राकडे औषध नाही, मिनिटांचा मोजलेला डेटा हवा. सध्या इन्व्हर्टर थोडा मोठा धरून पुढे गेले.

२४ जानेवारी

ईआरए५ शी ताळा. १९४० पासूनचा डेटा, ०.२५ अंशांचं ग्रिड, तासागणिक. इथे दोन संच निवडायची कटकट नाही, आणि धोका नेमका तिथेच. एकाच फाईलीत, एकाच ०७:०० च्या टाइमस्टँपखाली, तापमान आणि वारा ०७:०० या क्षणाचे आणि ऊन व पाऊस ०६:०० ते ०७:०० या तासाचे. उन्हाचं एकक ज्यूल प्रति चौरस मीटर, वॅट हवे तर ३,६०० ने भागायचं. पाऊस मीटरमध्ये, मिलिमीटरसाठी १,००० ने गुणायचं. आणि सूर्याचा कोन ०६:३० चा.

‘पासून-पर्यंत’ चे कॉलम असल्यामुळे हे सगळं एका बैठकीत झालं. मग वाटलं, ०.१ अंशाच्या ईआरए५-लँडचाही ताळा घ्यावा. तिथे ऊन आणि पाऊस तासाचे नसून ००:०० यूटीसीपासून साठत गेलेले असतात. एकेका तासाचं हवं तर लागोपाठच्या दोन आकड्यांची वजाबाकी. ती सरसकट लावली तर रोज ०१:०० ला उणे पाऊस पडतो, कारण ००:०० समोर आदल्या पूर्ण दिवसाची बेरीज असते आणि ०१:०० ला मोजणी नव्याने सुरू होते. ०१:०० चा आकडा वजाबाकी न करता जसाच्या तसा घ्यायचा. उणे आकडे शून्य करून टाकले तर तक्ता स्वच्छ दिसतो आणि रोजच्या पहिल्या तासाचा पाऊस गायब होतो.

२७ जानेवारी

पाऊस. क्षणाचा पाऊस टाकीच्या काय कामाचा? तासाच्या ठोक्याला पडत असेल तर अख्खा तास पडला आणि नसेल तर कोरडा, असा हिशेब होईल. मेर्राच्या इन्स्ट१ मध्ये तो नाहीच. टीएव्हीजी१ मध्ये आहे, निरीक्षणांवरून सुधारलेलाही वेगळा मिळतो, एकक किलोग्रॅम प्रति चौरस मीटर प्रति सेकंद. ३,६०० ने गुणलं की तासाचे मिलिमीटर.

उपग्रहाच्या आयमर्ग डेटाशी ताळा घेताना वर्षाचा पाऊस बरोबर दुप्पट आला. आयमर्ग अर्ध्या तासाचा असतो पण दर लिहितो तासाचा. बेरजेपूर्वी ०.५ ने गुणायचं राहिलं होतं. उत्तर नेमकं दुप्पट किंवा निम्मं आलं की हवामानाला दोष देऊ नये, एककं बघावीत.

आयमर्गच्या काही अर्ध्या तासांमागे सूक्ष्मलहरी उपग्रहाची एकच धावती नजर असते, म्हणजे अर्ध्या तासाच्या नावाने आलेला आकडा मुळात क्षणाचा. महिन्याच्या बेरजेत हे विरून जातं, एखाद्या सरीसाठी नाही.

आणि ५० किलोमीटरच्या चौकटीची सरासरी सर पातळ करते. तासाला १२ मिलिमीटर असं दिसलं तरी त्यातले १० पहिल्या दहा मिनिटांत पडलेले असू शकतात. टाकीत एकूण किती पाणी येईल हे या डेटावरून सांगता येतं. पन्हळ ओसंडेल का, हे नाही. पन्हळीचं माप यातून काढू नका.

१ फेब्रुवारी

तासाचे आकडे दहा मिनिटांवर आणायचे होते. सगळ्या कॉलमना एकच सरळ रेषेचं इंटरपोलेशन (दोन आकड्यांमधले आकडे अंदाजाने भरणं) लावलं. चुकीचं.

क्षणाच्या आकड्यांना ते चालतं, दोन खुंट्यांमध्ये दोरी ताणावी तसं. सरासरीला चालत नाही. तीन तासांचा पाऊस ०, १०, ० मिलिमीटर असेल आणि तासांच्या मध्यांमधून रेषा ओढली, तर मधल्या तासाला मिळतात ७.५ आणि उरलेले २.५ शेजारच्या कोरड्या तासांत झिरपतात. बेरीज बरोबर, तास चूक. उन्हाला हे लावलं की सूर्योदयापूर्वीच ऊन पडतं.

आता तीन वेगळे नियम आहेत. वाऱ्याला यू आणि व्ही मध्ये सरळ रेषा. पावसाला तासाचा दर सहाही टप्प्यांत तोच, पायरीसारखा. उन्हाला तासाची सरासरी सूर्याच्या उंचीच्या प्रमाणात सहा टप्प्यांत वाटलेली, तासाची बेरीज न हलवता. तापमान सरासरीतून घेतलं होतं ते बदलून इन्स्ट१ मधलं घेतलं, कारण दहा मिनिटांच्या मॉडेलमध्ये तिथे सरळ रेषा ओढणं सोपं आणि १० तारखेच्या हिशेबाप्रमाणे फरक नगण्य. निवड संचाची करायचीच नसते, कॉलमची करायची असते, हे एव्हाना अंगवळणी पडलं.

५ फेब्रुवारी

मिश्र फाईलवर वर्षाचा रन झाला. सगळं सरासरीचं असलेल्या पहिल्या रनशी ताडलं तर वर्षाची एकूण वीज फारशी हलली नाही. हलली ती बॅटरी अगदी तळाला जाण्याची वेळ. पहिल्या रनमध्ये ती सूर्योदयाच्या बरीच आधी सावरत होती, ते भुताटकीचं ऊन होतं. आता सूर्योदयानंतर सावरते. बॅटरीचं माप याच तासांवर ठरतं, म्हणून ते वाढवावं लागलं.

दुसऱ्या एका प्रोग्रॅमसाठी हीच फाईल ईपीडब्ल्यू (इमारतींच्या ऊर्जा-मॉडेलांची हवामान-फाईल) स्वरूपात हवी होती. तिथेही एकाच ओळीत दोन प्रकार असतात: तापमान लिहिलेल्या वेळेचं, प्रारण त्या वेळेआधीच्या तासाचं, आणि तास १ ते २४ असे मोजलेले. टीएव्हीजी१ चा ००:३० तास १ मध्ये जातो, इन्स्ट१ चा ०१:०० सुद्धा तास १ मध्येच. ईपीडब्ल्यू स्थानिक प्रमाणवेळेत असते, त्यामुळे साडेपाच तासांच्या फरकात प्रत्येक स्थानिक तास दोन यूटीसी तासांत अर्धा-अर्धा पडतो. तिथे शेजारच्या दोन तासांची सरासरी न घेता दहा मिनिटांवर आणलेल्या डेटातूनच तास पुन्हा बांधले, नाहीतर सकाळ परत पसरते.

फाईल कोणालाही देण्याआधी आता स्क्रिप्ट तीन गोष्टी तपासते. रात्री ऊन शून्य आहे का. स्वच्छतेचा निर्देशांक सकाळ-संध्याकाळ सारखा आहे का. दहा मिनिटांच्या पावसाची तासागणिक बेरीज मूळ फाईलशी जुळते का. तिसरी तपासणी पहिल्याच वेळी नापास झाली: वर्षाच्या शेवटच्या तासाला पुढची ओळ नसल्याने त्याचे टप्पे कापले जात होते. २०२० च्या पहिल्या दिवसाचा डेटा जोडून घेतला.